अलकासाठी स्पॅनिश

माझी जीभ तिखट आहे, हे सांगलीच्या विश्रामबागेत कुणालाही विचारा. माझ्या स्पॅनिशच्या क्लासाला दोन तऱ्हेची पोरं येतात. काहींना परदेशी जायचं असतं आणि ती जाण्याआधीच तिथली झाल्यासारखी खांदे उडवतात. काहींना 'नुसता मोबाईल बघत बसू नको' म्हणून आईनं घरातून हाकललेलं असतं. दोघांनाही मी सारखीच झापते. त्यामुळे त्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानावरचा आमचा अरुंद जिना चढून एक बाई दारात उभी राहिली, तेव्हा मी फळ्यावरची नजर न काढताच म्हणाले, "झेरॉक्स खाली मिळेल."

"झेराक्स नगं मला," ती म्हणाली. "मी बिरदेवाची आय."

मी खडू खाली ठेवला. बाक पुढं ओढला.

बिरदेव माझा विद्यार्थी. ढालगावच्या पुढच्या एका वस्तीवरचा, धनगराचा पोरगा. आयटीआय करून साताऱ्याच्या पठारावर पवनचक्क्यांचा फिटर म्हणून लागला होता. त्याच्या कंपनीचे साहेब स्पेनचे. जो बोलायला शिकेल त्याला तिकडे नेऊ म्हणाले, म्हणून हा सुट्टीच्या दिवशी साताऱ्याहून एसटीनं सांगलीला यायचा. वर्गात पेंगायचा. मी ओरडले की निमूट उठून तोंड धुऊन यायचा आणि पुन्हा पेंगायचा. मी मूळची साताऱ्याकडची, कोरेगावची, त्यामुळे त्याच्यावर जरा हक्कानंच ओरडायची.

स्पॅनिशमध्ये एकेका शब्दाला तीनतीन, चारचार अर्थ असतात आणि बरीच पोरं तिथंच गळतात. 'गातो' म्हणजे मांजर, आणि गाडी उचलायचा जॅक तोही 'गातो'च. हे सांगितलं तेव्हा इंजिनिअरिंगची दोन पोरं वैतागून वही मिटायला लागली. मागच्या बाकावरून बिरदेव म्हणाला, "असू दे की मॅडम, दोघंबी गाडीखालीच बसत्यात." वर्ग हसला आणि तो शब्द त्या वर्षी कुणी विसरलं नाही. दरवर्षी मी तेच उदाहरण देते आणि कुणाचं ते नावासकट सांगते.

तो गेला, तिकडे रमला. लुसिया नावाच्या मुलीशी लग्न केलं. एकदा तिला घेऊन गावी आला, तेव्हा बिरोबाच्या देवळात दोघांवर भंडारा उधळला आणि हरणाबाईंनी, म्हणजे त्याच्या आईनं, त्या गोऱ्या सुनेच्या गळ्यात डोरलं बांधलं. पुढं त्यांना मुलगी झाली, आल्बा. आणि मग एका हिवाळ्यात, सकाळच्या धुक्यात, कामावर निघालेल्या बिरदेवाची गाडी घाटातून खाली गेली. सगळं तिकडंच उरकलं. हरणाबाईंनी पोराचं तोंड शेवटचं पाहिलं ते जावयाच्या मोबाईलवर, आणि तेही निम्म्यात रेंज गेली.

"नातीसंगं बोलायचं हाय," हरणाबाई बाकावर टेकत म्हणाल्या. "बिरू हुता तवा त्यो मदी बसायचा. मी म्हनायची, पोरीला इचार, जेवलीस का. त्यो इचारायचा. ती सांगायची, त्यो मला सांगायचा. आता मदलं मानूसच न्हाई."

"मोबाईलमध्ये भाषांतर होतं की मावशी."

"हुतंय. पर मी बोलले की त्यातनं बाप्याचा आवाज निगतो. पोरगी भेती त्येला."

मी विचारलं, शिक्षण किती. चौथी, म्हणाल्या. मी म्हटलं अवघड आहे, स्पॅनिश म्हणजे काही खेळ नव्हे. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू बाजारात कुणीतरी मेंढीला अगदीच कमी भाव सांगितलाय. "मला लिवायचं न्हाई, बोलायचं हाय," त्या म्हणाल्या. "तुमी त्येला शिकिवलं, मला बी शिकवा."

त्यांचा नवरा, नानासो, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरतो. वाठार, कोरेगाव, कराड, कुणाच्या ना कुणाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवत उन्हाळ्यापर्यंत फिरतो. आमच्या माहेरच्या रानातही असे धनगर बसायचे. हरणाबाईंचे गुडघे आता त्या चालीला साथ देत नव्हते, म्हणून तेवढे महिने त्या सांगलीत मुलीकडे, मंगलकडे राहायच्या. मंगलचा नवरा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर कामाला. घर लहान, दिवस मोठा, आणि डोक्यात सारखी ती पोरगी. त्या गुरुवारी आणि रविवारी येऊ लागल्या. आल्बाला त्या अलका म्हणत. मी दोनदा दुरुस्त केलं, मग सोडून दिलं.

खोटं कशाला सांगू, त्या हुशार विद्यार्थी नव्हत्या. आज सांगितलेलं उद्या निम्मं सांडायचं. आणि त्या अनेक अर्थांच्या शब्दांवर तर त्यांचा भारी राग. "एका मेंढीला एक नाव आसतंय बाई. कान कापलेली ती कानी, भुरकी ती भुरी. तुमच्या हितं एका नावाला चार मेंढरं वरडत्यात, मी कुटल्या खुटल्याला बांदू?"

मी म्हटलं, "मावशी, मराठीत 'लागणे' म्हणजे काय?"

"लागनं मंजे लागनं."

"भूक लागते. काटा लागतो. पुढं गाव लागतं. झोप लागते. दार लागतं. अलका तुमची कोण लागते?"

 मग त्या स्वतःच बोटांवर मोजत सुरू झाल्या: दृष्ट लागते, उचकी लागते, म्हातारपणी काठी लागते, पोराला नोकरी लागते. वर्गातली पोरंही भर घालायला लागली आणि अर्धा तास आम्ही मराठीच शिकत बसलो. "मग तुम्ही कधी गोंधळलात का?" मी विचारलं. "भूक लागली म्हटल्यावर काटा कुठंय म्हणून पाय बघितलात का? शब्दाचा शेजार बघायचा मावशी. शब्द तोच असतो, शेजारी बदलला की त्याचं काम बदलतं." एवढं त्यांना पटलं. पटलं म्हणून जमलं असं नाही, पण राग गेला.

मग मी त्यांना शब्द सुटा द्यायचंच बंद केलं. जो द्यायचा तो शेजारासकट, कोण कुणाला म्हणतंय त्यासकट. 'स्वेन्यो' म्हणजे झोपही आणि स्वप्नही. तेन्गो स्वेन्यो, मला झोप आलीय. मधे चिमुकला 'उन' आला, तेन्गो उन स्वेन्यो, की झालं स्वप्न. 'तोकार' म्हणजे हात लावणं, आणि हलगी वाजवणंही तेच, आणि आपली पाळी येणं तेही. त्यांची पाळी आली की अख्खा वर्ग ओरडायचा, "ते तोका, मावशी." आणि 'केरेर'. किएरो आग्वा, पाणी हवंय. ते किएरो, तू हवीस, म्हणजे माझा तुझ्यावर जीव आहे. हे सांगितलं तेव्हा त्या लाजल्या. "पान्याला बी त्योच आन मानसाला बी त्योच व्हय," म्हणाल्या आणि पदर तोंडाशी नेऊन बराच वेळ हसत राहिल्या.

एका गुरुवारी त्या जिना चढतानाच बोलत वर आल्या. आदल्या दिवशी नातीशी बोलणं झालं होतं, मधे कुणी माणूस नव्हतं, कुणा बाप्याचा आवाज नव्हता. अलकानं बाहुली दाखवून म्हटलं, "मि मुन्येका." हरणाबाईंना मी शिकवलं होतं की मुन्येका म्हणजे बाहुली आणि मुन्येका म्हणजे मनगटही. त्यांनी आपला हिरव्या बांगड्यांचा हात कॅमेऱ्यासमोर धरला आणि म्हणाल्या, "मि मुन्येका." पोरगी खिदळत पलंगावरून खाली पडली म्हणे. मग दोघींचा तोच खेळ चालला, बाहुली आणि मनगट, मनगट आणि बाहुली, मंगलचा नवरा जेवायला येईपर्यंत. मी नवऱ्याला त्या रात्री सांगितलं, एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा कुणालातरी खरंच काही शिकवलं.

माघ सरता सरता लुसियाचा निरोप आला की ती लग्न करतेय. हावियेर नावाचा माणूस, शाळेत शिक्षक आहे, साधा आहे. मंगलनं भाषांतर करून आईला वाचून दाखवलं. मला वाटलं हरणाबाई आता येणार नाहीत. त्या आल्या, आणि शांत होत्या.

"तरणी हाय ती," त्या म्हणाल्या. "किती दीस बसावं तिनं? आमच्यात बी पाट लावत्यात. त्यात वाईट काय न्हाई."

मला त्यांचं फार कौतुक वाटलं. आमच्या देशमुखी घरात माझी एक चुलती विसाव्या वर्षी विधवा झाली आणि सत्तराव्या वर्षी तशीच गेली, खिडकीला कोपर टेकून. आमच्यात पाट नव्हता. नुसता थाट होता.

पण त्यानंतर हरणाबाई जे शब्द मागायला लागल्या, ते वेगळेच होते. आधी त्या मागायच्या ते शब्द फोनवर बोलण्याचे असत: जेवलीस का, शाळेत गेलीस का, थंडी आहे का. आता म्हणाल्या, "रडू नगो कसं म्हनायचं?" मी सांगितलं, नो योरेस. मग, "मी हाय हितं." मग, "अंदाराला भ्यायचं न्हाई," "कुत्रं चावत न्हाई, आपलंच हाय," "दूध ऊन हाय, फुकून पी." एकदा म्हणाल्या, "तुजी आय येनार हाय भेटाय, ह्ये कसं म्हनायचं?" मी फळ्याकडे वळलेली, तशीच थांबले.

"मावशी, हे कुणाला म्हणायचंय?"

"अलकाला. येनार न्हवं आता ती."

"येणार? लुसिया म्हणाली तसं?"

"आता त्यात म्हनायचं काय?"

त्या इतक्या सहज बोलल्या की मीच काहीतरी विसरलेय असं मला वाटलं. मग त्यांनी मला समजावून सांगितलं, एखाद्या मठ्ठ विद्यार्थ्याला सांगावं तसं. बाई पाटानं दुसऱ्या घरी गेली, की पहिल्या घरची पोरं पहिल्या घरीच राहतात. आजा-आजी सांभाळतात. नव्या नवऱ्याच्या दारात आदल्याची पोरं कोण नेतं? तिथं त्यांचे हाल होतात. पोर बापाच्या वंशाची, तिनं बापाच्या देवाजवळ वाढावं. नानासोंनी तर फलटणच्या बाजूला कुणाकडून तरी कोकराच्या जावळाच्या मऊ लोकरीची बारकी घोंगडी विणून घ्यायला दिली होती. मंगलनं वस्तीजवळच्या शाळेत विचारूनही ठेवलं होतं.

"मावशी," मी म्हणाले, आणि माझा आवाज चढला, कारण मला भीती वाटली की आवाज चढतोच. "तिकडं असं नसतं. तिकडं आई मुलाला घेऊन जाते."

"तुमास्नी म्हाईत न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमच्यात पाट न्हाई. मला म्हाईत हाय."

आणि मग त्यांनी ते सांगितलं. त्यांचा बाप मेंढरांमागं असताना पान लागून, म्हणजे साप चावून, गेला. तेव्हा त्या एवढ्याशा, बाकाच्या उंचीच्या. वर्षभरानं आईचा पाट लागला, जतच्या पलीकडच्या एका धनगराशी. ज्या दिवशी आई गेली त्या दिवशी पहाटे आजीनं हरणाबाईंना मुद्दाम उठवलं नाही. जाग आली तेव्हा अंथरूण रिकामं होतं. त्या रडल्या, आणि आजीला रडक्या पोराशी काय बोलावं ते येत नव्हतं. ती चांगली होती, जीव लावणारी होती, पण तिला एकच येत होतं, "गप." पुढं कधीतरी आरेवाडीच्या जत्रेत आई दिसली. तिनं हातावर पेढा ठेवला, डोक्यावरून हात फिरवला. तिच्या कडेवर दुसरं मूल होतं.

"तवापास्नं मी ठरिवलं हुतं आसं न्हाई," हरणाबाई म्हणाल्या. "पर आता अलका यील, रातीची आयसाठी रडंल. मी तिला नुसतं गप म्हननार न्हाई. तिच्या बोलीत बोलीन. म्हनून तर एवडं चाललंय माजं."

 मी फळा पुसायला लागले. पुसायला त्यावर काही नव्हतं.

त्या संध्याकाळी मी मंगलला फोन केला आणि तिला चांगलंच धारेवर धरलं. आईला कुणी सांगितलं की पोरगी येणार? तुम्ही तरी लुसियाला विचारायचं. मंगल बिचारी गांगरली. "मॅडम, त्यात विचारायचं असतंय व्हय? आमची रंगूआत्या पाटानं गेली तर तिची दोन पोरं आमच्यातच वाढली." मी म्हटलं, ती स्पेनची आहे गं बाई.  तशी मंगल म्हणाली, "मग आता तुमीच सांगा आयला. माजं ती ऐकनार न्हाई." मी सांगितलं होतंच. माझंही त्या ऐकत नव्हत्या. ठरलं एवढंच की रविवारी फोन क्लासातून लावायचा, मी शेजारी असेन.

रविवारी हरणाबाई नवं लुगडं नेसून आल्या, कपाळाला भंडारा लावून. मी पोरांना लवकर सोडलं. फोन मी फळ्याला टेकवून उभा केला, आणि पलीकडे लुसिया आली. ओले केस, मागं स्वयंपाकघर, गॅसवर काहीतरी शिजत होतं. मी त्या मुलीला पहिल्यांदाच बघत होते. डोळ्यांखाली काळं होतं, हसू चांगलं होतं. ती घाबरलेली होती, हे मला लगेच कळलं. लग्नाची बातमी दिल्यापासून सासू काय म्हणेल याचीच तिला धास्ती होती.

हरणाबाईंनी तिला आधी मोकळं केलं. सगळं पाठ करून आणलं होतं. म्हणाल्या, तू लग्न कर, मी रागावले नाही. तुझ्या गळ्यातलं डोरलं आमच्याकडं परत करायची रीत आहे, पण ते तू ठेव, पोरीला दे. क्रियापदं सगळी तुटकी होती, पण एक शब्द चुकला नाही. लुसिया रडायला लागली. पलीकडून ती सारखं "ग्रासियास, ममा" म्हणत होती. मलाही वाटलं, कदाचित इथंच थांबावं, फोन ठेवावा, पुढचं विचारूच नये. मी हात पुढंही केला.

हरणाबाईंनी विचारलं, "कुआन्दो व्येने आल्बा?" आल्बा कधी येणार. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा नाव बरोबर घेतलं.

लुसियाचा चेहरा खुलला. पुढच्या वर्षी, म्हणाली, सुट्टीत, आम्ही तिघं येऊ.

"नो," हरणाबाई म्हणाल्या. "आ विविर." राहायला.

लुसियाला कळलं नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी स्पॅनिशमध्ये रीत समजावून सांगितली, जमेल तेवढी हळू. ती ऐकत गेली आणि तिचा रंग उतरत गेला. तिनं गॅस बंद केला. मग ती कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली आणि माझ्याशी नाही, सासूशी बोलली.

"आल्बा से केदा कोन्मिगो. एस मि इहा."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण हरणाबाईंनी हातानं मला थांबवलं. 'केदार' हा शब्द मी त्यांना अजून शिकवलाच नव्हता. त्याचे अर्थ किती, राहणं, उरणं, भेटायचं ठरवणं, अंगाला कपडा बसणं. पण त्याच्या शेजारी आल्बा होती, आणि 'माझ्याजवळ' होतं, आणि 'माझी मुलगी' होतं. त्यांना बरोबर कळलं. कुठल्याच शब्दात काही चूक नव्हती. आल्बा माझ्याजवळ राहते, ती माझी मुलगी आहे.

"आन त्यो?" त्यांनी मला मराठीत विचारलं. "त्यो घेनार हाय तिला? दुसऱ्याची पोरगी?"

मी लुसियाला विचारलं. लुसिया म्हणाली, हावियेर आल्बाला रोज शाळेत सोडतो. आल्बाची खोली त्यानंच रंगवली, तिला आवडतो तो पिवळा रंग. मी ते सांगितलं. हरणाबाईंनी मान हलवली. मला वाटलं त्या चिडतील, भांडतील. मी तर त्यांच्या जागी आकाशपाताळ एक केलं असतं. त्या म्हणाल्या, "ब्येन." बरं.

मग मधेच पोरगी धावत आली. केस कापलेले, हातात अर्धं केळं. तिनं तोंड वासून कॅमेऱ्याला पडलेल्या दाताची जागा दाखवली आणि भरभर बोलत सुटली की तो कसा पडला, उशीखाली कसा ठेवला. हरणाबाई बघत राहिल्या. त्यांच्याकडं रडणाऱ्या पोरीसाठी गोळा केलेलं सगळं होतं. रडू नको होतं, अंधाराला भिऊ नको होतं, मी आहे इथं होतं. पोरगी रडत नव्हती. ती आईच्या कमरेला टेकून उभी होती आणि तिला काहीही कमी नव्हतं.

"आस कोमिदो?" हरणाबाईंनी शेवटी विचारलं. जेवलीस का.

"अजून नाही," पोरगी म्हणाली, "आई करतेय." आणि पळाली.

फोन बंद झाल्यावर मी उठून पंखा लावला. काही बोलायचं म्हणून म्हणाले, पुढच्या वर्षी येणार आहेत मावशी, तोपर्यंत तुमची भाषा पक्की होईल. मला माझाच राग आला. असलं बोलायला माणूस कशाला लागतं. हरणाबाईंनी डोक्यावरचा पदर खाली घेतला, त्याच्या टोकानं तोंड पुसलं. भंडारा पुसला गेला. त्या रडत नव्हत्या. त्या कशाचा तरी हिशेब लावल्यासारख्या खाली फरशीकडं बघत होत्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "मंजे न्हेता येतंय व्हय आयला, पोर संगं?"

मला आधी कळलं नाही.

"ती म्हनली, माजी पोरगी हाय, माज्यासंगं ऱ्हाती. एवडंच म्हनली. दुसरं काय न्हाई. आन त्यो बाप्या बी व्हय म्हनला." त्यांनी मान वर केली. "मी समजत हुते, न्हेता येतच न्हाई. तसं नसतंयच, आसं समजत हुते आजवर. म्हनून मी कवा आयला दोस दिला न्हाई."

"मावशी, तेव्हाचा काळ वेगळा होता," मी म्हणाले. "तिच्या हातात काय होतं? पंचानं ठरवलं, घरच्यांनी ठरवलं. ती बिचारी काय करणार?"

"व्हय," त्या म्हणाल्या. "हातात न्हवतं. त्ये मला बी कळतंय. पर मागता तरी आलं आसतं न्हवं. दिलं नसतं कुनी, ऱ्हायलं. मागितलं आसंल का वो तिनं मला? एकदा तरी?"

मला रडू फुटलं. मी तोंड वळवलंही नाही. हरणाबाई माझ्याकडं बघत थांबल्या होत्या, खरंच उत्तर हवं असल्यासारख्या, कारण बाकी सगळे अर्थ मी त्यांना सांगितले होते. त्यांची आई वारली, आजी वारली, जतच्या पलीकडचा तो माणूसही कधीच गेला. आता हे सांगायला कुणीच उरलेलं नाही.